दारं आणि दार

दोन वर्षांपूर्वी माझ्या आजोळच्या ग्रामसभेत ठराव झाला: यापुढे गावात नवा बोअर घ्यायचा नाही. मार्च सरत आला होता, प्यायच्या पाण्याचा टँकर सुरू झाला होता, सगळ्यांचे हात वर गेले. एप्रिलमध्ये एका रात्री दीड वाजता बोअरची गाडी आली. तामिळनाडूची नंबरप्लेट, मागे कॉम्प्रेसरचा दुसरा ट्रक, सोबत दहा-बारा पोरं. हे यंत्र चालताना ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पलीकडच्या वाडीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात. उजाडेपर्यंत पाचशे फूट झाले होते आणि बांधावरच्या बाभळी राखाडी पिठाने माखल्या होत्या.

गावातून एक माणूस उठून गेला नाही. मामांना विचारलं, तर म्हणाले, "आवाज आला होता रे. मला वाटलं, स्वप्नच पडलं." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "आणि आडवायला जाऊन काय करू? पुढच्या महिन्यात मलाच घ्यायचाय."

अशा वेळी "आपले लोकच तसले" असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही, कारण हेच गाव दरवर्षी चैत्रात जत्रा उभी करतं. उंबऱ्यामागे वर्गणी ठरते, पावत्या फाटतात, पुण्यात नोकरीला असलेली पोरं फोनवरून पैसे पाठवतात. ज्याची वर्गणी राहिली त्याचं नाव छबिन्याच्या आदल्या संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून वाचलं जातं. त्यापलीकडे दंड नाही, तलाठी नाही, पोलीस नाही. तरी वर्गणी जमते, हिशेब लागतो, उरलेल्या पैशांवरून भांडण होतं आणि तेही मिटतं. म्हणजे स्वतःला शिस्त लावायचं कसब गावाकडे आहे. मग जत्रेला चालणारा तो डोळा बोअरच्या वेळी झोपेचं सोंग का घेतो?

माझं म्हणणं थोडक्यात असं: कोणतीही समाजव्यवस्था टिकते की मोडते, हे तिथल्या माणसांच्या चांगुलपणावर फारसं ठरत नाही. तिच्यातून बाहेर पडायचं दार कोणाला उघडं आहे, यावर ठरतं. बलवानाला दार उघडं असेल तर चांगली व्यवस्थाही मोडते. दुबळ्याला ते बंद असेल तर वाईटातली वाईट व्यवस्था शेकडो वर्षं चालते.

दार हा शब्द मी हौसेने वापरत नाही. आमच्याकडे रानाला पाणी देण्याला 'दारं धरणं' म्हणतात. पाटातलं पाणी सरीत घ्यायचं तर खोऱ्याने मातीचा अडसर फोडायचा, सरी भरली की चिखल थापून तो पुन्हा बुजवायचा आणि पुढचा फोडायचा. याला दारं मोडणं म्हणतात. लहानपणी मी मामांबरोबर रात्रीच्या पाळीला बॅटरी धरायला जायचो. पाणी चढलं की खालच्या रानातून हाक यायची, "झालं का ओ?" ती हाक म्हणजेच नियम होता. वरच्याने दारं जास्त वेळ उघडं ठेवलं तर खालच्याला कळायचंच, कारण त्याच्या सरीत पाणी यायचं थांबायचं.

या हाकेवर उभी राहिलेली एक अख्खी व्यवस्था धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत तीन-चारशे वर्षं चालली. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ओळीने दगडी बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या रानाचे तीन-चार मोठे भाग. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्यात हंगामी, तिसरा पडीक; पुढच्या वर्षी पाळी फिरते. नदीला पाणी किती आहे ते बघून त्या वर्षी किती फड भिजवायचे ते ठरायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखण करायला जागल्या, वर देखरेखीला पंच. पाटकऱ्याचा मेहनताना शेतकऱ्यांनीच द्यायचा, आणि तो पिकातून. पीक हातचं गेलं तर त्याच्याही घरात कमी येणार, हे सगळ्यांना ठाऊक.

यातली हुशारी दिसायला साधी आहे. पूर्ण फडात एकच पीक असलं की कोणी गुपचूप जास्त पाणी घेणारं पीक घेऊ शकत नाही. शेजारच्या रानात ज्वारी आणि याच्यात ऊस, हे आंधळ्यालाही दिसेल. पाणी मोजायला मीटर नको, पीकच मीटर. शिवाय शेतकरी स्वतःच्या हाताने दारं मोडत नाही. ते काम पाटकऱ्याचं, आणि त्याला कोणा एकाचं रान जास्त भिजवण्यात रस नाही.

1968 साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक लेख लिहून जगाला पटवलं होतं की सामाईक कुरण माणसं चरून संपवणारच. एक तर त्याची खासगी मालकी करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढची कित्येक वर्षं देशोदेशींची कुरणं, पाट, मासेमारीची ठिकाणं तपासून दाखवलं की तिसरी वाटही आहे: वापरणारेच नियम करतात, एकमेकांवर नजर ठेवतात, आणि चुकणाऱ्याला आधी छोटा, मग मोठा दंड करतात. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे पारितोषिक मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पांझराकाठच्या एखाद्या म्हाताऱ्या पाटकऱ्याला हे सांगितलं असतं तर त्याने बहुधा विचारलं असतं, की यात नवीन काय?

पण फडाचं कौतुक करणारे, आणि त्यांत मीही आलो, एक गोष्ट हळूच गाळतात. ही व्यवस्था आज जवळपास संपली आहे. नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, बंधाऱ्यांत येणारं पाणी बदललं, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विहिरीवर आधी डिझेलचं इंजिन बसलं, मग विजेची मोटर आली. ज्याला विहीर खणणं परवडलं त्याला पाटकऱ्याची वाट बघायची गरज उरली नाही. फडात ज्वारी ठरली असली तरी तो ऊस लावू शकत होता. त्याने नियम मोडला असंही म्हणता येत नाही. तो नियमाच्या बाहेर निघून गेला. त्याची वर्गणी थांबली, बैठकीला येणं थांबलं, पाट साफ करायला माणूस पाठवणं थांबलं. मागे राहिले ते ज्यांना विहीर परवडत नव्हती ते. असल्या लोकांच्या बैठकीचा दरारा कोणाला?

हे शहरातही घडतं. पुण्यात मी राहतो त्या सोसायटीत एका उन्हाळ्यात पाणी दिवसाआड झालं. पहिल्या बैठकीला जिन्यातही उभं राहायला जागा नव्हती. गाड्या पाइपने धुवायच्या नाहीत, ओव्हरफ्लो झालेल्या टाकीचा फोटो ग्रुपवर टाकायचा, सगळं एका तासात ठरलं आणि महिनाभर पाळलंही गेलं. मग चौघा-पाचांनी आपापल्या बाल्कनीत हजार लिटरच्या टाक्या बसवल्या. तिसऱ्या बैठकीला कोरमही भरला नाही. त्या चौघांनी कसलाच नियम मोडला नव्हता. त्यांना फक्त आता फरक पडत नव्हता.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय हा लेख म्हणजे गावगाड्याची आरती होईल. खालच्या रानातून येणाऱ्या ज्या हाकेचं मी कौतुक केलं, तीच हाक माणसाला वाळीत टाकते. यंत्र तेच आहे: सगळ्यांचा डोळा, सगळ्यांचं तोंड, आणि मिळून केलेली शिक्षा. राळेगणसिद्धीत सुरुवातीच्या काळात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं होतं, हे खुद्द अण्णा हजारे यांनी सांगितलेलं आहे. गाव पाणलोटात आदर्श ठरलं आणि त्याच गावाने खांबही रोवला. या दोन गोष्टी वेगळ्या माणसांनी केलेल्या नाहीत.

ज्याला जायला दुसरी जागा नाही त्याच्या विरोधात हे यंत्र फिरलं की काय होतं, याची सगळ्यात स्वच्छ नोंद महाडला आहे. ऑगस्ट 1923 मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. जानेवारी 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याबरहुकूम चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पुढची तीन वर्षं त्या तळ्यावर एकही अस्पृश्य पाणी भरू शकला नाही. कागद होता, गावाचा डोळा कागदाच्या विरोधात होता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्यानंतर काय झालं ते आपण शाळेत निम्मंच शिकतो. परतणाऱ्यांवर हल्ले झाले, तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करून घेण्यात आलं, आणि प्रकरण कोर्टात दहा वर्षं चाललं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 1937 साली लागला.

1928 साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने, आंबेडकर जिचे सदस्य होते, बहिष्कार नावाच्या शस्त्राचं काम नेमकं मांडलं आहे. वाण्याने माल द्यायचा नाही, शेतावर काम द्यायचं नाही, रानातून जायची वाट बंद करायची. कोणी काठी उगारत नाही. प्रत्येक जण फक्त आपलं काहीतरी द्यायचं थांबवतो. हे पुरेसं होतं, कारण ज्याच्यावर बहिष्कार पडला त्याला दुसरा वाणी नव्हता, दुसरं रान नव्हतं. बलुतं हीही अशीच बंद दारांची व्यवस्था होती. गावाला न्हावी, सुतार, महार यांची गरज होती आणि त्यांना गावाची, म्हणून काही जण तिला परस्परावलंबन म्हणतात. पण पाटील मळ्यात दुसरा सुतार आणू शकत होता. सुताराला दुसरं गाव इतक्या सहज मिळत नव्हतं, आणि महाराला तर वतनाच्या साखळीने बांधलेलं होतं. ती साखळी कायद्याने तुटायला 1958 उजाडलं.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर 2016 साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. जातपंचायतींनी आणि कोकणातल्या गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी वाढत होत्या, अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 2013 पासून जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान चालवलं होतं. त्याआधी 1949 साली मुंबई राज्याने असाच कायदा केला होता. तो 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा प्रकरणात धर्मस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केला. नवा कायदा 2017 पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कायदा चांगलाच आहे. पण त्याची गंमत अशी की साक्षीदार म्हणून ज्यांना बोलवायचं, बहिष्कारही त्यांनीच टाकलेला असतो. आणि भटक्या समाजातल्या ज्या बाईची पंचायत तिच्या लेकीचं लग्न अडवून धरते, तिने पोलीस ठाणं गाठलं तरी लग्नाला सोयरा त्याच समाजातून आणायचा आहे. कायद्याने दार उघडलं. त्या दारापलीकडे अंगण लागायला अजून वेळ आहे.

तर प्रश्न असा होतो: गावाला स्वतःचं बघू द्यायचं की सरकारने बघायचं? हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. रात्री दीड वाजता बोअरच्या गाडीचा आवाज सरकारला येत नाही. आणि गावाच्या निकालावर अपील ऐकायला गावाबाहेरचंच कोणी लागतं. सरकारने बलवानांची दारं बंद करावीत, दुबळ्यांची उघडावीत, आणि मधलं बारकं-सारकं गावावर सोडावं.

हे कधी जमलंच नाही असं नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर आणि कारखानदार पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि तिथून पाणी पंचायतीची कल्पना आकाराला आली. तिचे नियम आजही मला धाडसी वाटतात. पाणी जमिनीवर नाही, माणशी: प्रत्येकी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, पंचायतीकडे परत येतं. या एका शेवटच्या कलमाने मोठ्या शेतकऱ्याचं दार बंद झालं. जमीन विकत घेऊन पाणी गोळा करायची वाटच उरली नाही. आणि भूमिहीनाचं दार उघडलं. फडात जमीन नसलेल्याला बैठकीत जागा नव्हती, इथे होती. पाणी पंचायत महाराष्ट्रभर पसरली नाही याचं कारणही मला याच नियमांत दिसतं. ज्यांना तिच्यात आल्याने तोटा होता, त्यांच्यावर यायची सक्ती नव्हती.

पाणलोटाच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारचं नाव घेतलं की लोक तिथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांचं नाव घेतात आणि विषय संपवतात. माणूस मोठा आहे, वाद नाही. पण मला तिथलं क्रमाचं गणित महत्त्वाचं वाटतं. शेतीसाठी बोअरबंदी आणि उसाला मनाई हे नियम पाणलोटाच्या कामाबरोबरच आले; दर वर्षी पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवणं पुढे आलं. पाणी मुबलक होऊन चार जणांच्या हातात पैसा येण्याची वाट कोणी पाहिली नाही. ज्याने आधीच सात लाख खर्चून बोअर आणि पाइपलाइन केली आहे, त्याला "बंदी घालू या" म्हणायला जाणं वेगळं आणि अजून कोणाकडेच काही नसताना जाणं वेगळं. माझ्या आजोळी ठराव झाला तेव्हा गावात ऐंशीच्या वर बोअर होते. ऐंशी जण आत बसून बाकीच्यांना दार लावा म्हणत होते. बाकीच्यांनी हात वर केला आणि गाडीचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवला.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने याहून वेगळी युक्ती केली. तिथे ग्रामसभेत बहुमत चालत नाही; निर्णय सर्वसहमतीने. एकाचंही मन वळलं नसेल तर विषय पुढच्या वेळेला. शहरी माणसाला हे वेळखाऊ वाटतं आणि आहेच. पण बहुमताच्या गावात दुबळ्याकडे दोनच पर्याय असतात, मान डोलवणं किंवा निघून जाणं, आणि दुसरा त्याला नसतोच. सर्वसहमतीत त्याच्या हाती तिसरा पर्याय येतो: थांबवून धरणं. याच गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्यांपैकी एक, आणि 2011 मध्ये बांबू स्वतः विकायचा अधिकार. जंगलावर हक्क सरकारने दिला, बांबू कधी तोडायचा ते गावाने ठरवलं. कामांची ही वाटणी मला पटते.

आता राज्याची उलटी गंगा बघा. 2009 चा भूजल कायदा सांगतो की 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ नका. म्हणजे दोनशे फुटांच्या आत. माझ्या आजोळचा सगळ्यात उथळ बोअर साडेतीनशेचा आहे. त्याआधीच्या 1993 च्या कायद्यात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी होती. तलाठ्यालाही हे विचारलं तर तो हसतो. आणि दुसऱ्या हाताने तेच राज्य 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देतं. शेततळ्याला अनुदान देतं, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरून पावसाचं नव्हे तर बोअरचंच पाणी साठवलं जातं. या योजनांना मी वाईट म्हणत नाही. वीजबिल न भरू शकणारा शेतकरी माझ्याही घरात आहे. पण प्रत्येक योजनेबद्दल विचारावं असं एकच आहे: हिने कोणाचं दार उघडलं? मोफत वीज ज्याच्याकडे पंप आहे त्याला मिळते. ज्याचा पंप सर्वात खोल त्याला सर्वात जास्त मिळते. ज्याला विहीरच नाही तो टँकरच्या रांगेत उभा आहे आणि त्याच्या पायाखालचं पाणी फुकटच्या विजेवर वर ओढलं जातं आहे.

माझं म्हणणं ऐकून मामा म्हणाले, "मग काय, मोटर बंद करू? शेजारचा करील का?" मी म्हटलं, गावाने सगळ्यांच्या मोटरींना मीटर लावले, आकडे देवळाच्या भिंतीवर दर महिन्याला लिहिले, वर्गणीसारखे, तर? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जत्रेची वर्गणी न देणाऱ्याचं नाव वाचतात तेव्हा त्याला लाज वाटते, कारण पुढच्या वर्षी त्याच देवळात यायचं असतं. पाण्याच्या यादीत पहिलं नाव कोणाचं येईल, माहितीये ना? भोंगा त्याचाच आहे."

गेल्या आठवड्यात फोन आला होता. मामांचा बोअर झाला, सहाशे वीस फूट, पाणी दीड इंच. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली होती, ती चुकली नाही म्हणून खूश होते. टँकर यंदा फेब्रुवारीतच सुरू झालाय, हे त्यांनी फोन ठेवता ठेवता सांगितलं.